मोरीपाशी उतरणारे वडील : माजी सैनिकांच्या मनावरचा आघात आणि घरची माणसे

माणगंगा | १७ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार. माझे वडील मराठा पलटणीतून १९९७ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९८७ च्या ऑक्टोबरात त्यांची पलटण भारतीय शांतिसेनेत श्रीलंकेतल्या जाफन्याला गेली, तेव्हा मी चार वर्षांची होते. ते परत आले त्या दिवसाचे मला एवढेच आठवते, की आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, ट्रंकेतून माझ्यासाठी एक बाहुली निघाली आणि रात्री सगळे झोपल्यावर वडील घरात न झोपता अंगणात भिंतीला पाठ लावून उजाडेपर्यंत बसून राहिले.

आमच्या गावाहून तालुक्याला जाणाऱ्या रस्त्यावर चार ओढे आहेत आणि त्यांवर चार मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाणारे छोटे पूल, आहेत. वडील आधी सायकलवरून आणि पुढे लुनावरून जात. प्रत्येक मोरीच्या वीस-पंचवीस पावले अलीकडे ते उतरत, गाडी स्टँडवर लावत, कडेने खाली उतरून पाइपात वाकून पाहत, दोन्ही बाजूंच्या मातीवर नजर फिरवत आणि मग गाडी हाताने ढकलत पलीकडे नेऊन पुन्हा बसत. मी मागे दप्तर घेऊन बसलेली असे. कितीतरी वर्षे मला वाटत होते, की सगळ्यांचेच वडील असे करतात. शाळेतल्या मुलांनी त्यांना 'मोरीवाले मेजर' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की तसे नाही. त्यानंतर मी त्यांच्याबरोबर जायचे टाळू लागले. ही गोष्ट लिहिताना आजही मला वाईट वाटते.

हा धागा काढण्याचे कारण या दिवाळीत घडले. गल्लीतल्या मुलांनी आमच्या दाराजवळ सुतळी बाँब लावला. वडील माझ्या सहा वर्षांच्या मुलासह पायरीवर बसले होते. आवाज होताच त्यांनी त्याला पोटाखाली घेऊन स्वतःला जमिनीवर झोकून दिले. मुलाचे कोपर सोलवटले, बाकी काही झाले नाही. पण वडील उठून गोठ्यात गेले आणि दोन तास बाहेर आले नाहीत. मी आत गेले तेव्हा ते गव्हाणीला धरून उभे होते, अंगातला सदरा घामाने भिजला होता आणि मी 'आप्पा' म्हणून हाक मारल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी कोण हे त्यांना आठवावे लागत होते. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले, वय झाले आता. एका मावशींनी शेजारच्या गावच्या देवऋषींचे नाव सुचवले. हे वयाचेही नाही आणि बाहेरचेही नाही, हे मला कळते. हे सदतीस वर्षांपूर्वीचे आहे.

शांतिसेनेतल्या जवानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार टोचते. जुलै १९८७ ते मार्च १९९० या काळात आपले सुमारे १२०० सैनिक तिथे कामी आले, तरी ही माणसे घरी आली तेव्हा ती कुठे आणि कशासाठी लढली हे गावात कोणालाही नीट सांगता येत नव्हते. १९९९ साली कारगिलचे युद्ध टीव्हीवर घरोघरी दिसले आणि त्यानंतर आमच्या गावातही माजी सैनिकांचा सत्कार झाला. वडील त्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसले होते. नारळ आणि शाल त्यांनाही मिळाली, परंतु भाषणांत श्रीलंकेचा उल्लेख एकदाही झाला नाही. घरी आल्यावर त्यांनी शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. ती त्यांनी आजवर अंगावर घेतलेली नाही.

माझी विनंती आहे, की ज्यांच्या घरात फौजी आहे, जे स्वतः फौजी आहेत किंवा जे या विषयातले जाणकार आहेत, त्यांनी इथे लिहावे. 'धीर धरा' यापलीकडचे काहीतरी मला हवे आहे.

---

निवृत्त_सुभेदार | १८ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

ताई, आपल्या वडिलांना माझा रामराम सांगा. मी सत्तावीस वर्षे नोकरी केली, त्यात सियाचिनची एक आणि राष्ट्रीय रायफल्सबरोबर कुपवाड्यात दोन फिल्ड पोस्टिंगे झाली. पहाटे चारला डोळा उघडणे, हॉटेलात दाराकडे तोंड करून बसणे, या सवयी मलाही आहेत आणि मी त्यांना आजार मानत नाही. प्रत्येक फौजीकडे लोकांनी रुग्ण म्हणून पाहावे असे मला वाटत नाही. बहुसंख्य माणसे नोकरी करून येतात, शेती करतात, मुलींची लग्ने लावतात आणि सुखाने जगतात. हे आधी स्पष्ट सांगतो.

परंतु आपण जे लिहिले आहे ते सवयीपलीकडचे आहे. पलटणीत असताना माणूस एकटा नसतो. लंगरमध्ये सगळे एकत्र जेवतात, संध्याकाळी खेळ असतो, रविवारी मंदिर परेड असते. रात्री कोणी ओरडून उठला, तर शेजारच्या खाटेवरचा जवान 'झोप रे, मी जागा आहे' एवढेच म्हणायचा आणि तेवढे पुरायचे. त्याला काही समजावून सांगावे लागत नसे, कारण तोही तिथेच होता. पेन्शन आली की हे सगळे एका दिवसात संपते. साधा जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. गावात त्याला मान असतो, पारावर बसला की लोक 'मेजर' म्हणून हाक मारतात, पण त्या मानामुळेच मला भीती वाटते असे तो कोणाजवळ बोलू शकत नाही. माझ्या ओळखीच्या तिघांना हा त्रास नोकरीत नव्हे, पेन्शन आल्यावर सुरू झाला.

नोकरीत न बोलण्याचे आणखी एक कारण आहे. आमची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांवर ठरते आणि त्यातले पहिले अक्षर मनाचे आहे. ते अक्षर खाली आले की बढती अडते आणि पलटणीत कुजबुज सुरू होते. म्हणून जवान एमओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना, पाठदुखी सांगतो, डोकेदुखी सांगतो, पोटातली जळजळ सांगतो, झोप येत नाही हे सांगत नाही. मीही सांगितले नव्हते.

---

मनोवैद्य | १८ नोव्हेंबर, रात्री १०.३०

माणगंगाताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे माजी सैनिक नियमित येतात. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. परंतु आपण वर्णन केलेली लक्षणे पीटीएसडीची, म्हणजे आघातोत्तर तणावाची शक्यता दाखवतात आणि त्याच दृष्टीने त्यांची तपासणी व्हावी, असे मी निश्चित म्हणेन. सुभेदार साहेबांचे म्हणणेही योग्य आहे. सावध राहण्याची सवय वेगळी आणि आजार वेगळा. त्रास महिन्याहून अधिक काळ टिकतो आणि त्यामुळे झोप, नाती, कामधंदा यांची घडी मोडते, तेव्हा आम्ही आजार म्हणतो.

आत नेमके काय घडते ते सांगतो, कारण ते समजल्यावर घरच्यांचा राग बराच निवळतो, असा माझा अनुभव आहे. साध्या आठवणीवर जणू तारीख आणि ठिकाण यांचा शिक्का असतो. आपल्याला बारावीचा निकाल आठवतो तेव्हा तो मागे घडून गेलेला आहे हेही सोबतच कळते. हा शिक्का मारण्याचे काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे आहे, तर धोका दिसताच घंटा वाजवण्याचे काम अमिग्डाला या भागाकडे आहे. जीव जाण्याच्या क्षणी घंटा इतकी जोरात वाजते, की शिक्का नीट उमटत नाही. मग ती आठवण आठवण म्हणून येतच नाही. वास, आवाज, वाकलेली पायवाट, पाइपाचे काळे तोंड यांपैकी काहीही समोर आले, की शरीर ते आत्ता घडते आहे असे धरून चालते. गोठ्यात उभे असताना आपले वडील मनाने दिवाळीत नव्हते. त्यांना तुम्हाला ओळखायला वेळ लागला तो त्यामुळेच.

यासोबत आणखी तीन गोष्टी येतात. माणूस त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या सगळ्या गोष्टी टाळू लागतो. त्याचे मन आनंदाला बधिर होते आणि 'चूक माझीच होती' अशी खूणगाठ बांधून बसते. आणि शरीर कायम पहाऱ्यावर राहते, त्यातून दचकणे, चिडणे, झोप उडणे हे सारे येते. घरच्यांना बहुधा फक्त चिडणे दिसते.

ही गोष्ट नवीन नाही. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्यांचा मनावरचा धक्का, हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला, तेव्हा आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. तिथल्या कुत या गावाच्या वेढ्यात अडकलेल्यांना २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले आणि त्यांच्यातले जे कैदेतून वाचून गावी आले, त्यांच्या मनाचे काय झाले याची कोणी विचारपूस केली नसावी. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक माणूस फौजेत गेला आहे. तिथल्या आजोबांचा तापट किंवा अबोल स्वभाव म्हणून जे घरोघर सांगितले जाते, त्यात स्वभाव किती आणि जखम किती, हा प्रश्न मला नेहमी पडतो. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी आग्रह धरल्यानंतर १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात पीटीएसडी हे नाव आले.

आता उपचारांविषयी. सर्वाधिक पुरावा आहे तो आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचारांचा. एका पद्धतीत रुग्ण तो प्रसंग सुरक्षित ठिकाणी, तज्ज्ञासमोर, पुन्हापुन्हा सांगतो आणि ज्या गोष्टी तो टाळतो त्यांच्याजवळ पायरीपायरीने जातो. दुसऱ्या पद्धतीत त्या प्रसंगातून मनाने काढलेले निष्कर्ष, विशेषतः स्वतःला दिलेला दोष, एकेक करून तपासले जातात. तिसऱ्या, ईएमडीआर नावाच्या पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांची डावी-उजवीकडे हालचाल केली जाते. ही कामे साधारण आठ ते सोळा बैठकींत होतात, काहींना अधिक लागतात. औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या गोळ्या वापरतात. त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि म्हणून दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणत सोडून देऊ नयेत. मात्र औषधाच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून देण्याचा मार्ग कृपा करून कोणी धरू नये. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांची सवय लागते आणि मूळ आजारावर त्या काहीच करत नाहीत.

सदतीस वर्षे झाली म्हणून उशीर झाला, असे समजू नका. सत्तरीतल्या माणसांना गुण आलेला मी पाहिला आहे. फक्त त्यांच्या रक्तदाबाची आणि हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी.

---

ओंजळ | १९ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

मी इथे आजवर फक्त वाचत आले. माझे यजमान कारगिलच्या वेळी द्रासला होते. डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला, मी घर चालवण्याच्या दोन गोष्टी सांगते, ज्या मला कोणी सांगितल्या नाहीत आणि ज्या शिकायला मला बारा वर्षे लागली.

पहिली गोष्ट झोपेची. ते रात्री ओरडू लागले की मी खांदा हलवून उठवायची. एकदा त्यांनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच माझा हात असा पिरगळला, की दुसऱ्या दिवशी मला भाकरी थापता आली नाही. हात सुजलेला पाहून ते लहान मुलासारखे रडले आणि पुढचे तीन महिने ओसरीवर झोपले. त्यांना वाटत होते, की आपण बायकोला मारले. आता मी त्यांना हात लावत नाही. उठते, दाराशी जाते, आधी दिवा लावते आणि तिथूनच त्यांचे नाव घेऊन म्हणते, "अहो, तुम्ही घरी आहात, आज बुधवार आहे, बाहेर पाऊस पडतोय." वार आणि हवा सांगायची हे मी माझ्या मनाने सुरू केले. त्यांना त्याचा उपयोग होतो. डोळे उघडले की ते खिडकीकडे पाहतात, पाऊस दिसला की मान हलवतात आणि पाणी मागतात.

दुसरी गोष्ट दारूची. कॅन्टीनची रम आमच्या घरात कोट्याप्रमाणे येत असे आणि झोप लागावी म्हणून ते घेत. आधी दोन पेग, मग चार, मग सकाळीही. एका वर्षी सासूबाईंनी श्रावण पाळायची शपथ घातली आणि त्यांनी गटारीनंतर एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात लटलटू लागले, भिंतीवर माणसे चढताना दिसू लागली आणि संध्याकाळी फिट आली. आम्ही त्यांना जीपमधून दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर गेले असते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकदम सोडणे जिवावर बेतू शकते, हे गावात कोणालाच ठाऊक नसते. सोडायला हवीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. श्रावण पाळणाऱ्या प्रत्येक घराने हे वाचावे असे मला वाटते.

आणि माणगंगाताई, तुमच्या आईविषयी तुम्ही काही लिहिले नाही. त्या अंगणातल्या रात्री त्या जाग्याच असणार.

---

माणगंगा | १९ नोव्हेंबर, रात्री ८.४५

ओंजळताई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी आईला फोन केला. ती म्हणाली, "जागी नसेन तर काय! दाराच्या फटीतून बघत बसायचे." मी चाळीस ओलांडली, परंतु हे तिला विचारायचे मला आजवर सुचले नव्हते.

---

धाकटा_भाऊ | २० नोव्हेंबर, रात्री ११.५०

हा धागा वाचून लिहीत आहे. माझा थोरला भाऊ सतरा वर्षे नोकरी करून दीड वर्षापूर्वी आला. छत्तीस वर्षांचा आहे. काश्मीरमध्ये दोनदा होता. आता बँकांची रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर बंदूकधारी गार्ड आहे. परवान्याची बारा बोअर बंदूक त्याच्या नावावर असून ती घरातच असते. दोन महिन्यांपासून तो कोणाशी बोलत नाही. काल त्याने स्वतःचे मोटरसायकलीचे कागद माझ्या नावावर करायला काढले आणि जेवताना म्हणाला, "माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल." आम्ही सगळे हसण्यावारी नेले. आता मला झोप येत नाही. काय करू?

---

मनोवैद्य | २१ नोव्हेंबर, रात्री १२.०५

आत्ता भावाजवळ जा. त्याला एकटे ठेवू नका. त्याला स्पष्ट शब्दांत विचारा, "दादा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने असा विचार डोक्यात भरत नाही, उलट कोणीतरी विचारले याने माणूस बहुधा मोकळा होतो. बंदूक आणि काडतुसे आजच्या आज घराबाहेर गेली पाहिजेत. त्यासाठी त्याच्याशी भांडू नका, थोरल्या विश्वासातल्या माणसाला बोलवा. परवानाधारी शस्त्र पोलीस ठाण्यात रीतसर जमा करता येते. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो, विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. तो आत्ताच जीव देण्याची भाषा करत असेल किंवा शस्त्राजवळ जात असेल, तर ११२ ला फोन करा. नाहीतर सकाळी उजाडताच त्याला जिल्हा रुग्णालयात न्या, ओपीडीची वेळ पाहत बसू नका.

---

निवृत्त_सुभेदार | २१ नोव्हेंबर, रात्री १२.२०

पोरा, मी जागा आहे. मला खाजगी निरोपातून गावाचे नाव कळव, दोन तासांच्या अंतरात असशील तर मी स्वतः येतो. त्याच्या पलटणीतल्या कोणाचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये असेल, तर त्या माणसालाही आत्ता उठव. रात्र आहे म्हणून संकोच करू नकोस. फौजी उठतो.

---

धाकटा_भाऊ | २२ नोव्हेंबर, सायंकाळी ७.१५

दादा रुग्णालयात दाखल आहे. मी विचारले तेव्हा त्याने फक्त "हो" म्हटले आणि भिंतीकडे तोंड केले. त्याच्या पलटणीतला सोबती पहाटे साडेचारला मोटरसायकलवरून आला. त्याने दादाला काही विचारले नाही, शेजारी बसला आणि स्वतः चहा करून दिला. त्यानेच बंदूक मागितली आणि दादाने दिली. ती ठाण्यात जमा केली आहे. सुभेदार काका रात्री दोन वेळा फोनवर होते. अधिक लिहवत नाही.

---

न्यायपथ | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.००

मी सैनिकांची निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहतो, म्हणून त्या बाजूने थोडे. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेत निवृत्त सैनिक आणि त्याच्या पत्नीवर मनोविकारांचेही उपचार होतात. आधी जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचे आणि तिथून सैनिकी किंवा संलग्न रुग्णालयाची चिठ्ठी घ्यायची. १ एप्रिल २००३ पूर्वी निवृत्त झालेल्यांना सदस्यत्वासाठी स्वतः अर्ज करावा लागतो, आणि या वयोगटातल्या अनेकांनी तो केलेलाच नसतो. माणगंगाताईंनी वडिलांकडे या योजनेचे कार्ड आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. धाकट्या भावाच्या दादाचे कार्ड असणारच.

अपंगत्व निवृत्तिवेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात असे म्हटले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे उद्भवलेला आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असेल. मात्र २०२३ च्या सप्टेंबरात नवे नियम आले असल्याने त्यानंतर निवृत्त झालेल्यांची स्थिती निराळी आहे. दोघांनीही जुने वैद्यकीय कागद फेकू नयेत. पाठदुखीची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवावी, कारण सुभेदार साहेबांनी लिहिले तसे त्या पाठदुखीआड पुष्कळ काही असते.

---

मनोवैद्य | २४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

यात एक भर घालतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलीमानसचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला आहे. फौजेची भाषा समजणारा माणूस पलीकडे असणे महत्त्वाचे ठरते. 'पोस्ट', 'पॅट्रोल', 'कॉर्डन' यांचे अर्थ समजावून सांगण्यातच माणूस थकून जातो आणि मूळ गोष्ट राहून जाते, असे मला अनेकांनी सांगितले आहे.

---

माणगंगा | २१ मे, रात्री ९.३०

सहा महिन्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती असल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

वडिलांना दवाखान्यात न्यायलाच दोन महिने गेले. 'मी वेडा नाही' या एका वाक्यावर ते अडून बसले. शेवटी सुभेदार काका आमच्या घरी आले, दोघे बांधावर जाऊन बसले आणि परत आल्यावर वडील म्हणाले, "येतो." त्यांचे काय बोलणे झाले ते दोघांनीही सांगितलेले नाही आणि मी विचारणार नाही. आधीच्या एका दवाखान्यात तीन मिनिटांत गोळ्या लिहून आमची बोळवण झाली होती. मनोवैद्यांनी सुचवल्याप्रमाणे आम्ही आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ शोधल्या आणि दर आठवड्याला साठ किलोमीटर जाऊ लागलो. पहिल्या पाच बैठकींत वडील हवामान आणि ज्वारीचे भाव यांवरच बोलले. बाईंनी त्यांना बोलू दिले.

सहाव्या बैठकीनंतर त्यांनी मला आत बोलावले. त्यांची इच्छा होती, की मला त्यांच्याच तोंडून कळावे. जाफन्याजवळच्या एका रस्त्यावर त्यांची तुकडी पहाटे रस्ता तपासत पुढे गेली होती. वाटेत मोरी होती. ते स्वतः खाली उतरले, पाइपात पाहिले, दोन्ही बाजूंची माती पाहिली, यंत्र फिरवले आणि वर येऊन मागच्या गाडीला हाताने 'साफ आहे, या' अशी खूण केली. गाडी मोरीवर आली आणि उडाली. गाडीत चौघे होते.

मी आजवर समजत होते, की वडील मोरीला घाबरतात. ते घाबरत नव्हते. ती मोरी ते अजून तपासत होते.

बाईंनी त्यांना 'तुमची चूक नव्हती' असे एकदाही म्हटले नाही. त्या दिवशी पहाटे तुम्हाला काय माहीत होते आणि काय नंतर कळले, हे वहीत दोन बाजूंना लिहायला त्यांनी सांगितले. वडिलांचे अक्षर मोठे आणि जोर देऊन काढलेले आहे. डावीकडे लिहिले होते : माती कोरडी, पाऊलखूण नाही, यंत्र वाजले नाही. उजवीकडे लिहिले होते : स्फोटके प्लास्टिकच्या डब्यात, म्हणून यंत्र वाजले नाही. डबा बऱ्याच दिवसांपूर्वी पुरलेला. तार शेतातून लांब नेलेली, कळ दाबणारा दूर बसलेला. उजवीकडची शेवटची ओळ अशी होती : 'पण हात मीच केला.' त्या एका ओळीवर त्यांचे तीन आठवडे गेले. ती ओळ त्यांनी खोडलेली नाही. तिच्याखाली नंतर लिहिले आहे, 'जे दिसत होते त्यावरून केला.'

सर्ट्रालिन सुरू आहे. झोप सलग चार तास लागते, पूर्वी दोन लागत नव्हती. ओंजळताईंची वार आणि हवा सांगण्याची पद्धत आईने उचलली आहे, फक्त ती हवेऐवजी गोठ्यातल्या म्हशीचे सांगते. गल्लीतल्या मुलांना मी एकत्र बसवून सगळे समजावून सांगितले. शिवजयंतीला त्यांनी फटाके लावण्यापूर्वी एकाला आमच्याकडे पाठवले, "आजोबा, पाच मिनिटांनी लावतो," म्हणून. वडील अंगणात उभे राहिले. दचकले, पण उभे राहिले. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. मार्चमध्ये पंधरा दिवस पुन्हा वाईट गेले आणि त्यांनी मला, 'कशाला उकरून काढलेस' असेही ऐकवले. बाईंनी आधी कल्पना दिली होती, की मध्ये असे दिवस येतात.

मोऱ्यांकडे जायला त्यांनी एप्रिलमध्ये सुरुवात केली. आधी फोटो पाहायचा, मग लांब उभे राहायचे, मग न वाकता वरून चालत जायचे. दर वेळी थांबायचे, अंगाचा थरकाप ओसरेपर्यंत तिथेच राहायचे. पहिल्या दोन मोऱ्या ते आता माझ्या स्कूटरवर मागे बसून पार करतात. तिसरी त्या मोरीसारखीच दिसते, असे ते म्हणतात.

परवा आम्ही तिथे गेलो. ते वीस पावले अलीकडे उतरले. खाली गेले नाहीत. रस्त्याने चालत मोरीवर मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ पाठमोरे होते. मी गाडीवर बसून होते. मग ते वळले आणि त्यांनी मला हाताने 'ये' अशी खूण केली. मी स्कूटर सुरू केली आणि त्यांच्याजवळ गेले. ते मागे बसले. चौथी मोरी आली तेव्हा थांबायला सांगितले, उतरले, खाली वाकून पाहिले आणि पुन्हा बसले. मी काही म्हटले नाही.

धाकट्या भावाने खाजगी निरोपातून कळवले आहे, की दादाने गार्डची नोकरी सोडून दूध डेअरीत काम धरले आहे आणि दर महिन्याला तपासणीला जातो. हे इथे लिहायला त्याची परवानगी आहे.

आमची पुढची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. या वेळी आईही येते म्हणाली. तिला बाईंना स्वतःच्या झोपेबद्दल विचारायचे आहे.